संस्थेचे प्रतिमान आणि सॉफ्टवेअरच्या आवश्यकतांची निश्चिती : एक विवेचन

गोषवारा :

एखाद्या संस्थेसाठी सॉफ्टवेअर तयार करण्यापूर्वी किंवा विकत घेण्यापूर्वी त्याने नेमके काय करावे हे निश्चित करावे लागते. ही निश्चिती बहुधा सुविधांच्या यादीपासून सुरू होते. संस्थेतील माणसे कोणत्या हेतूने काम करतात आणि त्या कामासाठी परस्परांवर कशी अवलंबून असतात, हा प्रश्न त्या यादीत मागे पडतो. प्रस्तुत लेखात संस्थेच्या प्रतिमानांचे प्रमुख प्रकार थोडक्यात सांगून, त्यांच्या आधारे सॉफ्टवेअरच्या आवश्यकता कशा ठरवता येतात याचे विवेचन केले आहे. त्यासाठी लंडन रुग्णवाहिका सेवेतील १९९२ सालचे अपयश आणि मुंबई विद्यापीठाच्या २०१७ सालच्या उन्हाळी परीक्षांची संगणकीय तपासणी ही दोन उदाहरणे घेतली आहेत.

बीजसंज्ञा : संस्थेचे प्रतिमान, आवश्यकता, ध्येय, अवलंबन, गृहीतक, मूल्यमापन.

प्रस्तावना :

सॉफ्टवेअर निर्मितीतील सर्वांत अवघड भाग कोणता, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा 'आज्ञावली लिहिणे' असे दिले जाते. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९८६ साली मांडलेल्या एका प्रसिद्ध निबंधात याहून वेगळे मत व्यक्त केले. नेमके काय बांधायचे हे ठरवणे हाच सर्वांत कठीण भाग होय आणि तो चुकला तर पुढे दुरुस्त करणे सर्वांत अवघड जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या 'नेमके काय' लाच सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत आवश्यकता म्हणतात.

आवश्यकता गोळा करण्याची रूढ पद्धत सरळ आहे. विश्लेषक संस्थेत येतो, अधिकाऱ्यांना भेटतो, 'आपल्याला काय हवे?' असे विचारतो आणि मिळालेल्या उत्तरांची यादी करतो. या पद्धतीत दोन उणिवा राहतात. एक म्हणजे, माणसे आपल्या कामाचा जो भाग सहज आणि नकळत करतात तो त्यांच्या बोलण्यात येत नाही. दुसरी म्हणजे, यादीतील प्रत्येक बाब सुटी असते. ती कशासाठी हवी आणि ती यशस्वी होण्यासाठी आणखी कोणी काय केले पाहिजे हे यादी सांगत नाही. या उणिवा भरून काढण्यासाठी आधी संस्थेचे प्रतिमान तयार करावे आणि मग त्यातून आवश्यकता काढाव्यात, असा विचार गेल्या काही दशकांत पुढे आला. महाविद्यालये आणि विद्यापीठे प्रवेशापासून निकालापर्यंतची कामे संगणकावर आणत असताना प्राध्यापकांना खरेदी समित्यांवर आणि परीक्षा समित्यांवर काम करावे लागते. त्यामुळे हा विषय केवळ संगणकशास्त्र विभागापुरता मर्यादित राहिलेला नाही.

संस्थेचे प्रतिमान म्हणजे काय? :

प्रतिमान म्हणजे वास्तवाचे हेतुपूर्वक केलेले संक्षिप्त चित्रण. एकाच तालुक्याचा रस्त्यांचा नकाशा वेगळा असतो आणि जमिनीच्या गटांचा नकाशा वेगळा. दोन्ही खरे असतात, परंतु प्रवाशाला दुसरा उपयोगी नाही आणि तलाठ्याला पहिला पुरेसा नाही. संस्थेच्या बाबतीतही हेच लागू पडते. प्रचारातील प्रतिमानांचे स्थूलमानाने पुढीलप्रमाणे वर्गीकरण करता येते.

१. रचनेचे प्रतिमान : पदे, विभाग आणि अधिकारांची उतरंड दाखवणारा तक्ता. कोण कोणाला उत्तरदायी आहे हे यातून कळते. काम प्रत्यक्षात कसे होते हे कळत नाही.

२. प्रवाहाचे प्रतिमान : काम किंवा माहिती एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते याचे चित्र. टॉम डीमार्को यांच्या १९७८ सालच्या ग्रंथाने माहितीप्रवाहाच्या आकृत्या सर्वपरिचित केल्या. कार्यप्रक्रिया रेखाटण्याची बीपीएमएन ही चिन्हपद्धती २००४ साली प्रसिद्ध झाली.

३. माहितीचे प्रतिमान : संस्था कोणत्या गोष्टींच्या नोंदी ठेवते आणि त्या नोंदींचे परस्परसंबंध कोणते, हे दाखवणारी आकृती. पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेली पद्धत आजही अभ्यासक्रमात शिकवली जाते.

४. ध्येयांचे प्रतिमान : संस्थेचे मोठे ध्येय कोणत्या लहान ध्येयांनी साध्य होते आणि त्यांपैकी कोणते कोणावर सोपवले आहे, हे दाखवणारी उतरंड. अक्सेल व्हान लाम्सवेर्डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली 'काओस' ही पद्धती या प्रकारची आहे.

५. अवलंबनाचे प्रतिमान : कोण कोणावर कशासाठी अवलंबून आहे याचे चित्र. एरिक यू यांनी टोरोंटो विद्यापीठात १९९५ साली सादर केलेल्या प्रबंधात 'आय-स्टार' या नावाने ही पद्धती मांडली.

पहिले तीन प्रकार संस्थेत 'काय' आणि 'कसे' चालते ते सांगतात. शेवटचे दोन 'का' आणि 'कोणाच्या भरवशावर' या प्रश्नांची उत्तरे देतात. यू यांनी आवश्यकतांच्या अभ्यासाचे पूर्वावस्था आणि उत्तरावस्था असे दोन टप्पे मानले. प्रणालीने काय करावे हे बारकाईने लिहिणे हा उत्तरावस्थेचा विषय आहे. ती प्रणाली मुळात का हवी आणि तिच्यामुळे कोणाचे हित वा अहित होणार, हा पूर्वावस्थेचा. दुसऱ्या टप्प्याचे काम पहिल्यावर उभे असते, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे.

यामागील दृष्टी संगणकयुगाच्याही आधीची आहे. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी १९५१ साली इंग्लंडमधील कोळसा खाणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या यांत्रिक पद्धतीमुळे खाणकामगारांचे परस्परांना सांभाळून घेणारे छोटे गट मोडले आणि यंत्र चांगले असूनही अपेक्षित फळ मिळाले नाही, असे त्यांना आढळले. तांत्रिक व्यवस्था आणि सामाजिक व्यवस्था यांचा एकत्र विचार करावा लागतो, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष पुढील सर्व विचाराचा पाया ठरला.

आवश्यकता, गृहीतक आणि यंत्र :

प्रतिमानाचा उपयोग समजण्यासाठी एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावा लागतो. पामेला झेव्ह आणि मायकेल जॅक्सन यांनी १९९७ सालच्या लेखात तो स्पष्ट केला. आवश्यकता ही बाहेरच्या जगाविषयी असते, तर सॉफ्टवेअरला फक्त त्याच्या सीमेवर पोचलेल्या खुणा दिसतात. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे त्या जगाविषयीची गृहीतके होत.

ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. 'पुस्तक कपाटात उपलब्ध आहे की नाही हे वाचकाला कळावे' ही आवश्यकता आहे. सॉफ्टवेअरला मात्र एवढेच कळते की, देवघेव खिडकीवर त्या पुस्तकाचा बारकोड वाचला गेला. परत आलेली पुस्तके ग्रंथालय परिचर त्याच दिवशी योग्य जागी लावतो, हे गृहीत धरले तरच पडद्यावरील 'उपलब्ध' हा शब्द खरा ठरतो. परिचराची जागा रिक्त असेल तर सॉफ्टवेअर निर्दोष असूनही वाचक रिकाम्या हाताने परततो. म्हणजेच सॉफ्टवेअरची यशस्विता त्याच्या बाहेर असलेल्या माणसाच्या कामावर अवलंबून असते. 'काओस' पद्धतीत हा भेद काटेकोरपणे पाळला जातो. सॉफ्टवेअरवर सोपवलेल्या ध्येयाला आवश्यकता म्हणतात, आणि माणसावर वा परिसरावर सोपवलेल्या ध्येयाला अपेक्षा. अपेक्षा सॉफ्टवेअर पुरी करू शकत नाही. ती पुरी होईल काय हे संस्थेकडे पाहूनच ठरवावे लागते.

लंडन रुग्णवाहिका सेवेचे उदाहरण :

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते याचे बहुचर्चित उदाहरण लंडनचे आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी लंडन रुग्णवाहिका सेवा सुमारे ६०० चौरस मैल क्षेत्रातील जवळपास ६८ लाख रहिवाशांसाठी काम करीत होती. तिच्याकडे दररोज २,००० ते २,५०० दूरध्वनी येत. त्यांपैकी १,३०० ते १,६०० आणीबाणीचे असत.

तेथील जुनी पद्धत कागदावर चालत असे. दूरध्वनी घेणारा कर्मचारी छापील अर्जावर तपशील लिही, नकाशांच्या पुस्तकात घटनास्थळ शोधी आणि तो कागद सरकत्या पट्ट्यावर ठेवी. हे सर्व कागद एका ठिकाणी गोळा होत. तेथील कर्मचारी ते वाचून शहराच्या तीन विभागांपैकी संबंधित विभागाच्या वाटपकर्त्याकडे देई. एकाच अपघाताबद्दल अनेकांनी दूरध्वनी केले असतील तर ती पुनरुक्ती याच टप्प्यावर लक्षात येई. बिनतारी यंत्रावरून मिळालेली गाड्यांची स्थिती पाहून वाटपकर्ता योग्य रुग्णवाहिका निवडी आणि मग गाडीला निरोप जाई. हे सर्व तीन मिनिटांत व्हावे अशी अपेक्षा होती. ठिकाण शोधण्यात आणि कागद हलवण्यात वेळ जात असे, त्यामुळे संगणकीकरणाची गरज खरी होती.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी नवी प्रणाली संपूर्ण शहरासाठी एकदम सुरू झाली. गाडीचे स्थान यंत्राने कळावे, गाडीवरील कर्मचाऱ्यांनी कळ दाबून आपली स्थिती कळवावी आणि संगणकाने जवळची गाडी सुचवावी, अशी तिची योजना होती. तीन विभागांची वाटणी जाऊन संपूर्ण लंडन एक क्षेत्र मानले गेले, नियंत्रण कक्षातील बसण्याची व्यवस्था बदलली आणि कागदाचा आधार काढून घेण्यात आला.

ही योजना गाड्यांची स्थाने आणि स्थिती यांची माहिती जवळजवळ अचूक असेल या गृहीतकावर उभी होती. प्रत्यक्षात काही भागांत बिनतारी संदेश पोचत नव्हते, काही वेळा कळा चुकीच्या क्रमाने दाबल्या जात आणि काही वेळा नेमून दिलेल्या गाडीऐवजी कर्मचारी दुसरी गाडी नेत. चुकीच्या माहितीमुळे वाटप चुकू लागले. एकाच ठिकाणी दोन गाड्या पोचल्या, तर कोठे जवळची सोडून दूरची गाडी गेली. अपवादात्मक सूचनांची रांग वाढत जाऊन जुन्या सूचना पडद्यावरून दिसेनाशा झाल्या. मदत न पोचल्याने लोकांनी पुन्हापुन्हा दूरध्वनी केले. त्रासलेल्या कर्मचाऱ्यांचे बिनतारी यंत्रावरील बोलणे वाढले, त्याने वाहिन्या व्यापल्या आणि स्थितीची माहिती येणे आणखी कठीण झाले. प्रत्येक चूक पुढच्या चुकीला बळ देत गेली. २७ तारखेला दुपारी सेवा अंशतः हाताने चालवण्याच्या पद्धतीकडे वळली. ४ नोव्हेंबर रोजी पहाटे प्रणाली पूर्णपणे बंद पडली, तेव्हा सर्व काम पुन्हा कागदावर आले.

फेब्रुवारी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालातील एक निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. ४ नोव्हेंबरच्या बंद पडण्यामागे आज्ञावलीतील दोष होता. वापरून झालेली स्मृती मोकळी न करणारा तुकडा तिच्यात राहून गेला होता. परंतु २६ आणि २७ ऑक्टोबरला प्रणाली तांत्रिक अर्थाने बिघडली नव्हती, काही वेळा मंदावली तरी एकंदरीत ती ज्यासाठी घडवली होती तेच करीत होती, असे अहवाल सांगतो. दोष त्या घडणीत होता. नवी प्रणाली आणली की जुन्या कार्यपद्धती आपोआप बदलतील ही व्यवस्थापनाची समजूत आणि गाडीवरील कर्मचाऱ्यांचा अपुरा सहभाग यांवरही अहवालाने बोट ठेवले. पुढे कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन टप्प्याटप्प्याने उभारलेली प्रणाली १९९६ साली तेथे कार्यान्वित झाली.

अवलंबनाच्या प्रतिमानातून हे उदाहरण :

आय-स्टार पद्धतीत संस्थेतील प्रत्येक भूमिकेला 'कर्ता' म्हणतात. एक कर्ता दुसऱ्यावर चार प्रकारे अवलंबून असतो : एखादे ध्येय साध्य व्हावे म्हणून, एखादे कार्य ठरल्या रीतीने व्हावे म्हणून, एखादे साधन वा माहिती मिळावी म्हणून, किंवा 'त्वरित', 'विश्वासार्ह' यांसारखा गुण राखला जावा म्हणून. अवलंबनामुळे कर्त्याला एकट्याने न जमणारे काम साधते. त्याच वेळी दुसऱ्याने शब्द पाळला नाही तर त्याची हानी होण्याची शक्यताही निर्माण होते. म्हणून प्रत्येक अवलंबनाविषयी तीन प्रश्न विचारले जातात. दुसरा कर्ताही पहिल्यावर कशासाठी तरी अवलंबून आहे काय? तो आपले काम करील असे मानण्यास स्वतंत्र कारण आहे काय? त्याने काम केले नाही तर पर्यायी मार्ग आहे काय?

लंडनच्या नियंत्रण कक्षाचे चित्र या पद्धतीने काढले तर मध्यवर्ती अवलंबन तात्काळ दिसते. गाडीच्या स्थितीची माहिती हे साधन आहे आणि त्यासाठी संगणक गाडीवरील कर्मचाऱ्यांवर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीत हेच साधन संवादातून मिळत असे. ऐकणारा माणूस शंका आल्यास पुन्हा विचारू शके आणि चूक जागच्या जागी दुरुस्त होई. नव्या पद्धतीत संवादाची जागा कळेने घेतली. कळ दाबणाऱ्याला तिचा तात्काळ लाभ दिसत नव्हता, बिनतारी संदेश पोचेल याची हमी नव्हती आणि माहिती चुकल्यास ती सहज सुधारण्याची सोय पुरेशी नव्हती. तिन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी येतात.

येथून आवश्यकता काढता येतात. प्रत्येक गाडीची शेवटची माहिती किती मिनिटांपूर्वीची आहे हे वाटपकर्त्याला दिसावे. तोंडी कळलेली स्थिती त्याला एका कृतीत नोंदवता यावी. एकाच परिसरातून आलेले दूरध्वनी प्रणालीने एकत्र दाखवावेत आणि ते एकाच घटनेचे आहेत की नाहीत याचा निर्णय माणसाने घ्यावा. उत्तर न मिळालेली सूचना पडद्यावरून नाहीशी होऊ नये. 'जवळची गाडी निवडावी' एवढ्या एका वाक्यातून यांपैकी कोणतीही आवश्यकता सुचली नसती. 'काओस' पद्धतीत प्रत्येक ध्येयासमोर 'हे कशामुळे साध्य होणार नाही?' असा प्रश्न विचारून अडथळ्यांची यादी करतात. व्हान लाम्सवेर्डे आणि एमान्युएल लेतिए यांनी ही रीत विशद करताना लंडनच्याच उदाहरणाचा आधार घेतला.

परिचित उदाहरण : संगणकीय उत्तरपत्रिका तपासणी :

हाच विचार महाराष्ट्रातील प्राध्यापकांच्या अनुभवाला लावून पाहता येतो. मुंबई विद्यापीठाने २०१७ सालच्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर लागू केली. निकाल लांबत गेले. राज्यपालांनी कुलपती या नात्याने घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटून गेली आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पुढील शिक्षणासाठी अन्यत्र प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा विलंब केवळ प्रशासकीय नव्हता. ही घटना येथे कोणाचा दोष दाखवण्यासाठी घेतलेली नाही. परीक्षेची व्यवस्था वाचकांच्या परिचयाची असल्याने प्रतिमान कसे काढावे हे त्यावरून स्पष्ट होते.

प्रथम जुनी पद्धत पाहावी. केंद्रीय मूल्यमापन केंद्रात, म्हणजे प्राध्यापकांच्या बोलण्यातील 'कॅप'मध्ये, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात. परीक्षक गठ्ठा सोडतो, मोजतो आणि तपासू लागतो. पुरवणी सुटी झाली असेल, एखादी उत्तरपत्रिका दुसऱ्याच विषयाची असेल किंवा एखादे पान वाचता येत नसेल, तर तो उठून शेजारच्या टेबलावरील प्रमुखाकडे जातो आणि प्रश्न बहुधा काही मिनिटांत सुटतो. हे काम परीक्षकाच्या कर्तव्यांच्या यादीत वेगळे लिहिलेले नसते. लंडनच्या पट्ट्याशेजारी बसलेल्या कर्मचाऱ्याप्रमाणेच, कागद हातातून जात असताना ते सहज घडते. कागद गेला की हे कामही जाते आणि ते गेले हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता पडद्यावरील तपासणीतील प्रमुख अवलंबने मांडावीत.

१. विद्यार्थी परीक्षा विभागावर ठरल्या तारखेस निकाल लागावा या ध्येयासाठी आणि तो विश्वासार्ह असावा या गुणासाठी अवलंबून असतो.

२. परीक्षा विभाग परीक्षकावर तपासणीच्या कार्यासाठी अवलंबून असतो.

३. परीक्षक स्कॅनिंग करणाऱ्यावर साधनासाठी अवलंबून असतो; हे साधन म्हणजे पुरवण्यांसह पूर्ण, वाचनीय आणि योग्य विषयाच्या उत्तरपत्रिकेची प्रतिमा.

४. स्कॅनिंग करणारा परीक्षा केंद्रावर योग्य बारकोड लावलेल्या आणि विषयवार लावलेल्या गठ्ठ्यांसाठी अवलंबून असतो.

५. परीक्षक आपल्या महाविद्यालयावर संगणक, जोडणी आणि तासिकांतून मिळणारी मोकळीक या साधनांसाठी अवलंबून असतो.

या चित्राकडे पाहताच काही गोष्टी लक्षात येतात. पहिले अवलंबन पाचव्यावर टेकलेले आहे, परंतु विद्यार्थ्याचा आणि महाविद्यालयातील वेळापत्रकाचा संबंध सुविधांच्या कोणत्याही यादीत येत नाही. तिसऱ्या अवलंबनात परीक्षक आणि स्कॅनिंग करणारा यांची भेट होत नाही. म्हणून जे काम शेजारच्या टेबलावर होत असे त्यासाठी प्रणालीत मुद्दाम जागा ठेवावी लागते. अपूर्ण प्रतिमा परीक्षकाने एका कृतीत परत पाठवता यावी, ती कोणाकडे गेली आणि किती वेळात उत्तर अपेक्षित आहे हे त्याला दिसावे, आणि दरम्यान त्याचे काम अडू नये, या आवश्यकता येथे निर्माण होतात. दुसऱ्या अवलंबनातून आणखी एक आवश्यकता येते : प्रत्येक विषयात किती उत्तरपत्रिका शिल्लक आहेत आणि किती परीक्षक प्रत्यक्ष कामावर आहेत, हे परीक्षा विभागाला दररोज दिसले पाहिजे.

तथापि, प्रतिमानातून निघणारे सर्व निष्कर्ष सॉफ्टवेअरविषयी नसतात. परीक्षकांना वेळेवर मोकळे करणे हा प्रशासकीय निर्णय आहे. आधी एका विद्याशाखेत प्रयोग करून मग विस्तार करणे हा धोरणाचा निर्णय आहे. उपलब्ध परीक्षक आणि एका परीक्षकाकडून दिवसाला होणारी तपासणी यांचा गुणाकार उत्तरपत्रिकांच्या संख्येशी ताडून पाहणे हा साध्या अंकगणिताचा भाग आहे; परंतु तो निकालाची तारीख जाहीर करण्यापूर्वी व्हावा लागतो. कोणती गोष्ट सॉफ्टवेअरकडे मागायची आणि कोणती संस्थेने स्वतः करायची, यांची फारकत करता येणे हा प्रतिमानाचा मोठा लाभ होय.

कार्यपद्धती :

वरील विवेचनाच्या आधारे संस्थेला पुढील क्रमाने काम करता येईल.

१. काम प्रत्यक्ष करणाऱ्यांच्या शेजारी बसून ते पाहावे. नियमपुस्तिका वाचावी, परंतु तिच्यावर थांबू नये. प्रत्यक्ष काम आणि लिखित पद्धत यांतील प्रत्येक फरक नोंदवावा.

२. सर्व कर्त्यांची नावे भूमिकेनुसार लिहावीत. प्रणालीचा वापर न करणारे, परंतु तिचा परिणाम भोगणारे कर्ते वगळू नयेत; परीक्षेच्या उदाहरणात विद्यार्थी असा कर्ता आहे.

३. प्रत्येक अवलंबन एका वाक्यात लिहून त्याचा प्रकार ठरवावा आणि वर दिलेले तीन प्रश्न विचारावेत.

४. प्रत्येक ध्येय कोणावर सोपवले आहे ते लिहावे. सॉफ्टवेअरवरील ध्येये आवश्यकतांच्या यादीत जातील. माणसांवरील ध्येये गृहीतकांच्या यादीत. दुसरी यादी पहिलीइतकीच काळजीपूर्वक जपावी.

५. प्रत्येक गृहीतक ज्याच्याविषयी आहे त्याला ते वाचून दाखवावे. 'हे आपल्याकडून होईल काय?' या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर हीच प्रतिमानाची खरी कसोटी होय.

तयार सॉफ्टवेअर विकत घेतानाही हा क्रम उपयोगी पडतो. महाविद्यालये आज्ञावली क्वचितच नव्याने लिहून घेतात. बहुधा तयार प्रणाली निवडतात. तयार प्रणालीतही कोणत्या तरी संस्थेचे प्रतिमान गृहीत धरलेले असते. आपले प्रतिमान हाती असेल तर ते त्या गृहीत प्रतिमानाशी ताडून पाहता येते, आणि जेथे मेळ बसत नाही तेथे प्रणाली बदलायची की कार्यपद्धती, हा निर्णय खरेदीपूर्वी घेता येतो.

मर्यादा :

या पद्धतीच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा आकाराची आहे. मोठ्या संस्थेचे अवलंबन-चित्र इतके गुंतागुंतीचे होते की ते काढणाऱ्यालाही वाचता येत नाही. म्हणून संपूर्ण संस्थेऐवजी एका कामाचे चित्र काढणे हिताचे. दुसरी मर्यादा काळाची आहे. संस्था बदलत राहते आणि जुने प्रतिमान दिशाभूल करू शकते. अल्प मुदतीच्या आवर्तनांनी सॉफ्टवेअर घडवणाऱ्या पद्धतींचा, ज्यांचा जाहीरनामा २००१ साली प्रसिद्ध झाला, या संदर्भातील आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे : आधी सर्व काही रेखाटण्यापेक्षा थोडे बनवून लोकांना दाखवावे. हे दोन मार्ग परस्परविरोधी मानण्याचे मात्र कारण नाही. प्रथम कोणता भाग बनवून कोणाला दाखवायचा, हे ठरवण्यासाठीही एक लहानसे प्रतिमान लागतेच.

तिसरी मर्यादा सर्वांत नाजूक आहे. प्रतिमान संस्थेतील सत्तासंबंध उघडे करते. नियमात नसलेली, परंतु काम पुढे नेणारी सवलत कागदावर आली तर ती देणारा अडचणीत येऊ शकतो. साहजिकच माणसे खरे सांगण्याऐवजी नियमातले सांगतात आणि प्रतिमान नियमपुस्तिकेची नक्कल बनते. पीटर चेकलंड यांनी १९८१ सालच्या ग्रंथात मांडलेल्या पद्धतीत संस्थेचे एकच खरे प्रतिमान असते हे मानण्यास नकार दिला आहे. निरनिराळ्या भूमिकांतील माणसांना तीच व्यवस्था निरनिराळी दिसते, आणि ही चित्रे समोरासमोर ठेवून चर्चा घडवणे हेच प्रतिमानाचे प्रयोजन, असा त्यांचा दृष्टिकोन आहे. माहिती देणाऱ्याला संरक्षण देण्याची हमी संस्थाप्रमुखाने दिली नाही, तर कोणतीही चिन्हपद्धती उपयोगी पडणार नाही.

निष्कर्ष :

सॉफ्टवेअरची आवश्यकता ही सुटी मागणी नसते. ती संस्थेतील एखाद्या ध्येयातून येते आणि संस्थेतील कोणाच्या तरी कामावर टेकलेली असते. संस्थेचे प्रतिमान या दोन्ही बाजू दाखवते. लंडनच्या उदाहरणात पहिल्या दोन दिवसांची प्रणाली नेमून दिलेले काम करीत होती, तरीही रुग्णांपर्यंत गाड्या वेळेवर पोचल्या नाहीत, कारण तिच्या गृहीतकांना नियंत्रण कक्षात आणि रस्त्यावर आधार नव्हता. उत्तरपत्रिका तपासणीच्या उदाहरणातही निकालाची तारीख पडद्यावरील आज्ञावलीइतकीच स्कॅनिंगच्या टेबलावर, महाविद्यालयाच्या वेळापत्रकावर आणि परीक्षकाला मिळणाऱ्या मोकळिकीवर अवलंबून असल्याचे प्रतिमान दाखवते. जुन्या पद्धतीत कागद हातातून हातात जाताना जे काम न सांगता होत असे, ते शोधून नव्या व्यवस्थेत त्याला जागा देणे हे आवश्यकता ठरवणाऱ्यांचे प्रमुख कर्तव्य ठरते. हे काम जाणणारी माणसे संस्थेतच असतात. महाविद्यालयाच्या बाबतीत ती प्राध्यापक, लिपिक आणि परिचर ही होत. सुविधांची यादी तयार होण्याच्या आधी त्यांना विचारले गेले पाहिजे.